चाकं थांबली म्हणजे ड्रायव्हरला विश्रांती मिळाली असं नाही
वाचकांचे प्रश्न

गाडीतला जीपीएस आणि ऑफिसातली सॉफ्टवेअर एकमेकांना जोडण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. जीपीएस विकणाऱ्याने सांगितलेली वैशिष्ट्यं बहुतेकांना पाठ आहेत. अडतं ते पुढे.

प्रश्न : आमचे २२ ट्रक आहेत आणि सगळ्यांना जीपीएस आहे. बिल्टीचं (मालाच्या पावतीचं) सॉफ्टवेअर वेगळं, हिशेब टॅलीत, हजेरी-पगार एक्सेलमध्ये. ओव्हरस्पीड, हार्श ब्रेक (जोरात दाबलेला ब्रेक), रात्रीची गाडी असे दिवसाला अडीचशे-तीनशे मेसेज ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतात. पहिले आठ दिवस सगळ्यांनी वाचले, आता ग्रुप म्यूट आहे. व्हेंडर म्हणतो, इंटिग्रेशन करा. नक्की काय कशाला जोडायचं?
— एक वाहतूकदार, भिवंडी

उत्तर : आधी तो ग्रुप बंद करा. जो मेसेज वाचून कुणी काही करणार नाही, तो पाठवायचाच कशाला?

आता जोडणीचं. जीपीएसला चाक दिसतं, चाकामागचा माणूस दिसत नाही. तुमच्याच भागातलं रोजचं दृश्य घ्या. ड्रायव्हर सकाळी दहाला गोदामाच्या गेटवर रिपोर्ट करतो. पुढे पंधरा गाड्यांची रांग. इंजिन बंद, पण दर अर्ध्या तासाला गाडी दोन लांब्या पुढे घ्यायची, नाहीतर मागचा हॉर्न वाजवतो. संध्याकाळी सातला लोडिंग संपतं, ताडपत्री-रस्सी होते, आठला गेटपास मिळतो. जीपीएसच्या अहवालात लिहिलेलं असतं : दहा तास गाडी उभी, ड्रायव्हिंग शून्य. म्हणजे ड्रायव्हर ताजातवाना! प्रत्यक्षात तो सकाळी सातपासून जागा आहे. पहाटे तीनला त्याचे जागरणाचे वीस तास भरतात, तेव्हा जीपीएसच्या हिशेबाने त्याची ‘ड्यूटी’ जेमतेम सात तासांची असते.

रिपोर्टिंगची वेळ, लोडिंग सुरू, गेटपास, एलआर (म्हणजे बिल्टीचा) नंबर या नोंदी तुमच्या बिल्टीच्या सॉफ्टवेअरमध्ये पडून आहेत. म्हणून पहिली जोडणी जीपीएस आणि बिल्टी यांची. टॅली सगळ्यात शेवटी.

तीन याद्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. गाडीची यादी : नोंदणी क्रमांक आणि जीपीएसचा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक. ड्रायव्हरची यादी : कर्मचारी कोड, लायसन्स नंबर, मुदत. ट्रिपची यादी : एलआर नंबर, गाडी, ड्रायव्हर, रिपोर्टिंग, गेटमधून बाहेर, माल उतरवून गाडी रिकामी झाल्याची वेळ. निम्मी इंटिग्रेशन बोंबलतात ती गाडी नंबरवर. एका ठिकाणी मधे डॅश, दुसरीकडे जागा सोडलेली. एकीकडे ०१२३, दुसरीकडे नुसतं १२३. दोन्हीकडून जागा आणि डॅश काढून, शेवटचे चार आकडे शून्यासह भरून, मगच जुळवा.

दुसरी खोच तारखांची. गॅरेजात एका ट्रकचा जीपीएस काढून दुसऱ्याला लावला आणि यादीत फक्त नवा गाडी नंबर टाकला, तर जुन्या ट्रकचा महिनाभराचा ओव्हरस्पीड नव्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या नावावर पडतो. म्हणून कोणता जीपीएस कोणत्या गाडीवर आणि कोणता ड्रायव्हर कोणत्या गाडीवर, या दोन्ही नोंदींना ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन रकाने हवेतच. बदली ड्रायव्हर वाटेत चढत असेल तर गाडीत कार्ड रीडर बसवा. कार्ड लावल्याशिवाय बझर वाजत राहिला की कार्ड लागतं.

कामाचं घड्याळ रिपोर्टिंगपासून सुरू करा, स्टार्टर मारल्यापासून नव्हे. मर्यादा घालायला १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्यातले आकडे चांगले आहेत : दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती, एक ड्यूटी संपून दुसरी सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. कायदा आता कामगार संहितेत विलीन झाला असला तरी माणसाचं शरीर तेच आहे. इशारा मात्र पाच तासांवर नको, साडेचारवर ठेवा. ५० च्या वेगाने अर्ध्या तासात २५ किलोमीटर होतात, तेवढ्यात गाडी लावायला धड जागा सापडते. विश्रांती कशाला म्हणायचं तेही सॉफ्टवेअरला नीट सांगावं लागतं : इग्निशन बंद, सलग ३० मिनिटं, गाडी १०० मीटरही हललेली नाही, आणि गाडी लोडिंग पॉइंटच्या हद्दीत नाही. टोलवरचे दहा आणि जाममधले वीस मिळून अर्धा तास होत नाही.

मग बुकिंगच्या स्क्रीनवर एक अट घाला. समृद्धीने आमणे ते नागपूर ७०१ किलोमीटर. ट्रकची सरासरी ५० धरली तर १४ तास नुसतं स्टिअरिंग. एका ड्रायव्हरचे हे दोन दिवस झाले. तरी बुकिंगवाला पार्टीला ‘उद्या सकाळी नागपूर’ सांगून मोकळा होतो. ड्रायव्हिंगचे तास आठच्या वर गेले की दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव भरल्याशिवाय किंवा डिलिव्हरीची तारीख पुढे ढकलल्याशिवाय बिल्टी निघू नये. तीनशे मेसेजपैकी बरेचसे या एका अटीने जन्मालाच येत नाहीत. ‘ई-वे बिल (मालासोबतचं जीएसटीचं मुदतीचं बिल) संपत होतं म्हणून रात्रभर हाणली’ ही सबबही इथेच मिटते. दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस, म्हणजे ७०१ ला चार दिवस मिळतात. उशीर झालाच तर मुदत संपण्याच्या आधी आणि नंतर आठ-आठ तासांत ती वाढवता येते. ही मुदत संपत आल्याचा इशारा ऑफिसातल्या क्लार्कला जायला हवा. ड्रायव्हरचं ते काम नव्हे.

माणसापर्यंत ताबडतोब जायचे इशारे तीनच ठेवा : साडेचार तास सलग, मर्यादेच्या वर बराच वेळ टिकलेला वेग, आणि धडक किंवा पॅनिक बटण. बाकी सगळं आठवड्याच्या कागदावर. आणि चालत्या गाडीतल्या ड्रायव्हरला फोन लावून ‘हळू चालव’ म्हणू नका. तुमचा फोन हाच तेव्हा सगळ्यात मोठा धोका असतो. वेग शून्य दिसला की मग फोन.

टॅलीला फक्त भत्ता, डिझेल, टोल पाठवा, गाडीवार कॉस्ट सेंटर करून, म्हणजे प्रत्येक गाडीचा खर्च वेगळा दिसेल. टॅली ९००० पोर्टवर (संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर) एक्सएमएल साच्यातला डेटा घेते. तो पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कपुरताच उघडा ठेवा. व्हेंडरने ‘बाहेरून जोडायला सोपं’ म्हणून इंटरनेटवर उघडा करायला सांगितला तर नाही म्हणा.

प्रश्न : रात्री १२ ते ५ गाडी चालवली तर इशारा, असा नियम आम्ही लावला. पण इशारे सकाळी साडेपाच ते साडेदहा येतात आणि खरी रात्रीची गाडी सुटते.
— एक सुपरवायझर, चाकण

उत्तर : जीपीएस आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ पाठवतो, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. तुमच्या सॉफ्टवेअरने ती बेरीज केलेलीच नाही. याच्या उलटही होतं : व्हेंडरच्या सर्व्हरने साडेपाच तास मिळवले, तुमच्या प्रोग्रामने पुन्हा मिळवले, आणि गाडी भविष्यात धावायला लागली. साठवताना एकच प्रमाणवेळ, भारतीय वेळ फक्त स्क्रीनवर दाखवताना. आणि रात्री दहा ते सकाळी सहाची ट्रिप हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये तारखेवरून दोन तुकड्यांत मोडते का, तेही बघून घ्या. मोडली की आठ तासांचे दोन आणि सहा होतात आणि मर्यादा कधीच ओलांडली जात नाही.

प्रश्न : दुधाचे टँकर आहेत. शीतकरण केंद्रांवरून दूध गोळा करून मुंबईला. हार्श ब्रेकचे इशारे इतके, की चांगल्यातला चांगला ड्रायव्हर यादीत पहिला. ड्रायव्हर म्हणतात यंत्र खोटं बोलतं.
— एका वाहतूक संस्थेचे व्यवस्थापक, कोल्हापूर

उत्तर : ड्रायव्हर बहुधा खरं बोलतायत. व्हेंडरला पहिला प्रश्न हा विचारा : ब्रेक कशावरून मोजता? जीपीएस दर ३० सेकंदांनी एक नोंद पाठवत असेल तर ६० च्या वेगाने दोन नोंदींत अर्धा किलोमीटर जातो. एवढ्या अंतरावरून ब्रेक कसा दाबला हे सांगता येत नाही. आत त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारा भाग) हवा, आणि हिशेब गाडीतच व्हायला हवा. अवजड गाडीला ०.३ जी ही हद्द बरी. म्हणजे एका सेकंदात वेग सुमारे साडेदहा किलोमीटरने उतरला. जीपीएसची पेटी डॅशबोर्डवर डबल टेपने चिकटवली असेल तर खड्ड्यातली थरथरही ब्रेक म्हणून मोजली जाते. ती केबिनच्या पत्र्याला स्क्रूने पक्की करा आणि त्यानंतर यंत्राला गाडीची पुढची दिशा पुन्हा शिकवा.

आता दुधाचं. बऱ्याच दूध टँकरना धुण्याच्या सोयीसाठी आत आडपडदे नसतात. टाकी अर्धी असताना ब्रेक दाबला की दूध पुढे आपटतं, मागे जातं, पुन्हा पुढे येतं. यंत्राला तीन धक्के दिसतात, ब्रेक एकच असतो. सहा-सात सेकंदांतले सगळे धक्के मिळून एक घटना धरा.

खरा फायदा मात्र संकलनाच्या सॉफ्टवेअरला जोडण्यात आहे. प्रत्येक केंद्रावर किती लिटर चढलं ते तिथे नोंदलेलंच असतं. दहा हजार लिटर म्हणजे साधारण १०.३ टन. त्यावरून टँकर रिकामा, अर्धा की भरलेला हे प्रत्येक टप्प्याला कळतं. अर्धा टँकर वळणावर सगळ्यात वाईट, कारण दूध एका बाजूला चढतं. तेव्हा ब्रेकपेक्षा वळण मोजा, आणि अर्ध्या टाकीला आडव्या दिशेने ०.२ जी हीच हद्द ठेवा. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ३५ च्या वेगाला ०.१९ येतो, ४० ला ०.२५. पाच किलोमीटरचा फरक, बस्स. असं वळण कुठे आहे हे ड्रायव्हरला आधी सांगणं नंतर इशारा पाठवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

जाता जाता : टँकरला वेगनियंत्रक ६० चा असतो, ८० चा नव्हे. सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या गाड्या ‘ट्रक’ म्हणून ८० वर टाकलेल्या नाहीत ना, ते बघा.

प्रश्न : मी कंपनीच्या आयटी विभागात आहे. व्हेंडरच्या एपीआयवरून (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून डेटा घ्यायची सोय) दर मिनिटाला डेटा घेतो. एकच ओव्हरस्पीड दोन-तीनदा नोंदला जातो. घाट संपला की एकदम पन्नास इशारे येतात, काही मात्र कधीच येत नाहीत. आणि लोणावळ्याजवळ जुन्या हायवेवरची गाडी एक्स्प्रेसवेवर दिसते.
— नाशिक

उत्तर : चारही दुखणी नेहमीची आहेत. दुहेरी नोंदीसाठी आयएमईआय, घटनेची वेळ आणि घटनेचा प्रकार मिळून एक अनन्य किल्ली करा, म्हणजे दुसऱ्यांदा आलेली नोंद डेटाबेसच नाकारेल.

घाटात रेंज नसते, यंत्र नोंदी साठवतं आणि खाली उतरल्यावर ओततं. म्हणून प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात : घडल्याची आणि सर्व्हरवर पोहोचल्याची. दोन्हींत दहा मिनिटांहून जास्त फरक असेल तर कुणाला फोन जाऊ नये, नुसती नोंद व्हावी. दोन तासांपूर्वीच्या वेगाबद्दल आत्ता ओरडून ड्रायव्हरचा विश्वास तेवढा जातो. जे इशारे कधीच येत नाहीत त्यांचं कारणही हेच. तुमचा प्रोग्राम ‘शेवटच्या वेळेनंतर घडलेलं’ मागतो. उशिरा आलेली नोंद आधी घडलेली असल्यामुळे त्या चाळणीत कायमची गळते. ‘शेवटच्या वेळेनंतर पोहोचलेलं’ असं मागा, आणि पाच मिनिटं मागून सुरुवात करा. पुन्हा आलेल्या नोंदी वरची किल्ली अडवेल.

रस्ता चुकतो कारण दोन रस्ते शेजारून जातात आणि डोंगरात जीपीएसची चूक वाढते. एका बिंदूवरून वेगमर्यादा ठरवू नका. गाडीची दिशा बघा, लागोपाठ तीन बिंदू त्याच रस्त्यावर असू द्या. त्याहून सोपा पुरावा फास्टॅगमध्ये आहे : कोणत्या टोलनाक्यावर पैसे कापले गेले यावरून गाडी कुठल्या रस्त्याला लागली ते कळतं. बँकेच्या यादीत दोन वेळा असतील तर नाक्यावर टॅग वाचल्याची घ्या, खात्यातून पैसे गेल्याची नको.

न विचारलेलं एक. एपीआयचं टोकन (डेटा घ्यायची परवानगी) संपलं की डेटा येणं थांबतं, आणि अहवालात शून्य उल्लंघनं दिसतात. साहेब खूश! ज्या गाडीवर चालू बिल्टी आहे आणि १५ मिनिटं एकही नोंद नाही, तिचा वेगळा इशारा ठेवा. इगतपुरीचा समृद्धीवरचा बोगदा सुमारे आठ किलोमीटरचा आहे, ८० च्या वेगाने सहा मिनिटांत पार होतो. म्हणून १५ मिनिटांत तो खोटी आरोळी ठोकत नाही.

प्रश्न : आमच्या बसमध्ये एआयएस-१४० चं (गाडीचा ठावठिकाणा कळवणाऱ्या यंत्राचं सरकारी मानक) यंत्र आहेच. ऑफिससाठी वेगळा जीपीएस लावावा का?
— सातारा

उत्तर : शक्यतो नको. सरकारी आणि आपत्कालीन सर्व्हरखेरीज मालकाच्या कामासाठी वेगळ्या पत्त्यावर डेटा पाठवण्याची सोय त्या मानकात धरलेली आहे. ती जोडणी अधिकृत पुरवठादाराकडूनच करून घ्या, वायर स्वतः तोडू नका. रात्री ड्रायव्हर बॅटरीचा कट-ऑफ पाडतो आणि ‘यंत्र काढलं’ असा इशारा येतो, ही तक्रार असेल तर यंत्राची वीज कट-ऑफच्या बॅटरीकडच्या बाजूने, फ्यूज घालून घ्यायला सांगा.

प्रश्न : सोळा वर्षं ट्रक चालवतो. डिझेलचं अॅव्हरेज ठरल्यापेक्षा वर गेलं तर कंपनी पैसे देते. आता जीपीएस पगाराला जोडलाय आणि प्रत्येक अलर्टमागे शंभर रुपये कापतात. उतारावर न्यूट्रल केल्याशिवाय अॅव्हरेज मिळत नाही. आणि हार्श ब्रेक तर समोर रिक्षा आडवी आली तरी लागतो. दाद कुठे मागायची?
— ट्रकचालक, बीड

उत्तर : आधी न्यूट्रलचं, कारण ते जिवाशी आहे. आताच्या इंजिनात गिअरमध्ये राहून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन डिझेल घेणंच थांबवतं. न्यूट्रलमध्ये ते आयडलवर पीत राहतं. थोडं अॅव्हरेज मिळतं ते गाडी जास्त लांब घरंगळते म्हणून. काही जण त्याच्याही पुढे जाऊन इंजिन बंद करतात. मग कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा उतरत जाते, एक्झॉस्ट ब्रेक नाही, स्टिअरिंग दगड होतं, आणि सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येऊन लायनर तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता तुमच्या ओळखीचा असेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीमुळे चाळीसहून अधिक वाहनं एकमेकांवर आदळली होती.

चूक तुमच्या एकट्याची नाही, आणि हे तुमच्या मालकांनी वाचावं. पगाराचं सॉफ्टवेअर अॅव्हरेजला बक्षीस देतं आणि जीपीएस त्यासाठी लागणाऱ्या चालवण्याला दंड करतो. ड्रायव्हर मधल्या मधे. मालकांनी बक्षिसाचं अॅव्हरेज बिल्टीतलं वजन आणि रूट बघून ठरवावं. भरलेली घाटातली फेरी आणि रिकामी सपाटीवरची फेरी एका मापाने मोजू नये. इंजिनचा डेटा जे१९३९ वरून (अवजड गाडीतली डेटाची प्रमाणित जोडणी) मिळत असेल तर वेग ४० च्या वर आणि आरपीएम ८०० च्या खाली, दहा सेकंदांहून जास्त, हे न्यूट्रल. वेग आहे पण इग्निशन बंद, हे त्याहून वाईट. अशा फेरीला डिझेलचं बक्षीस नाही, एवढी अट पुरते.

दंडाचं म्हणाल, तर वेतन संहितेत, आणि त्याआधीच्या १९३६ च्या वेतन कायद्यातही, दंडाची कमाल मर्यादा त्या वेतन काळातल्या पगाराच्या ३ टक्के आहे. कोणत्या चुकीला दंड ते आधी जाहीर केलेलं हवं, आणि कापण्याआधी तुमचं म्हणणं ऐकलं पाहिजे. पगार १८,००० असेल तर महिन्याला ५४० रुपये. म्हणजे शंभराच्या हिशेबाने सहावा अलर्ट कापताच येत नाही. दंडाची रक्कम कामगारांच्या भल्यासाठीच खर्च करायची असते, मालकाच्या गल्ल्यात नाही. प्रत्येक कपातीची तारीख, वेळ, ठिकाण आणि वेग लेखी मागा. न दिल्यास कामगार आयुक्त कार्यालय.

रिक्षा आडवी आली तेव्हा मारलेला ब्रेक हे चांगलं ड्रायव्हिंग आहे. कॅमेरा असेल तर क्लिप बघून ती घटना ‘बचावाचा ब्रेक’ म्हणून वगळायला हवी, आणि पगाराचा हिशेब बंद होण्याआधी ड्रायव्हरला निदान सात दिवस यादी दिसायला हवी. तुलना करायचीच तर दर शंभर किलोमीटरवर. ४,००० किलोमीटरमध्ये १२ घटना म्हणजे ०.३. ८०० मध्ये ६ म्हणजे ०.७५. नुसत्या बेरजेत पहिला ड्रायव्हर वाईट ठरतो, आणि तो दुप्पटीहून जास्त चांगला आहे.

प्रश्न : एचआर सॉफ्टवेअर जोडून काय मिळेल? आणि कॅमेऱ्यासाठी ड्रायव्हरची सही घ्यावी लागते का?
— एक कार्यालयीन कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सगळ्यात सोपा फायदा लायसन्सचा. व्यावसायिक लायसन्सची मुदत पाच वर्षं, धोकादायक मालाच्या मंजुरीची तीन. दोन्ही तारखा वेगळ्या रकान्यात ठेवा. एकच रकाना असला की लोक मोठी तारीख भरतात आणि केमिकलच्या टँकरवर मुदत संपलेला माणूस जातो. ६०, ३० आणि ७ दिवस आधी आठवण. मुदत संपली की बिल्टीत त्याचं नाव निवडताच येऊ नये. रजेवरचा किंवा काल रात्री उशिरा परतलेला ड्रायव्हरही त्याच यादीतून आपोआप गळावा.

कॅमेऱ्याबाबत २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला धरून चाला. काय टिपलं जातं, कशासाठी, किती दिवस ठेवतो आणि कोण बघतं, हे एका पानावर मराठीत आणि हिंदीत लिहून द्या आणि पोच घ्या. केबिनमध्ये ड्रायव्हर झोपतोही. म्हणून इग्निशन बंद झाल्यावर आतला कॅमेरा बंद होईल अशी सेटिंग ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी भिंगावर फडकं टाकलेलं दिसेल. झोपेचा इशारा देणारे कॅमेरे काळ्या गॉगलमुळे आणि आरशात बघताना मान वळल्यामुळे फसतात. पहिले दोन आठवडे क्लिपा फक्त तपासा, त्यावरून कुणाला काही बोलू नका.